शर्ट करपला आणि सावकाश आत गेला

आमच्या चर्चमध्ये देवाच्या राज्यात जायची परीक्षा असते. हसू नका, खरंच असते. चर्चच्या मागच्या खोलीत लांब टेबल मांडतात. टेबलाच्या पलीकडे पंच बसतात, अलीकडे उमेदवार उभे राहतात. पाठ केलेले प्रश्न विचारायचे, पाठ केलेली उत्तरं घ्यायची. उत्तरं आली की रविवारी प्रभुभोजनाला पुढे जायचं, प्रभूच्या आठवणीची भाकर घ्यायची, प्याला घ्यायचा. नाही आली की मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांची तोंडं हलताना बघायची. स्वर्गाच्या दारात कोण उभं असतं ते मला ठाऊक नाही. आमच्या दारात एक रिटायर झालेले हेडमास्तर बसलेत.

मी सातवीपर्यंत शिकलो आणि मला त्याची लाज नाही. या भागातली सगळ्यात चांगली लाँड्री माझी आहे. पांढऱ्या शर्टाची कॉलर माझ्यासारखी कोणी करून दाखवावी, मी दुकानाची पाटी उतरवून त्याच्या हातात देईन. कपडा माझ्याकडे आला की तो हरवत नाही, ही माझी ख्याती आहे आणि ती मी हाडं झिजवून कमावली आहे. पण गोष्ट माझी नाही. माझ्या धाकट्या भावाची आहे. त्याच्याबद्दल चर्चमध्ये लोक काय वाटेल ते बोलतात, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

त्याला सगळे सावकाश म्हणतात. जन्मला तेव्हा रडायलाही त्यानं वेळ लावला. सुईणीनं पाय धरून उलटा केला, पाठीवर दोन चापट्या दिल्या, तेव्हा कुठे आवाज निघाला, आणि तोही असा की कुणाला उगाच त्रास नको. चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. शाळेत त्याच वर्गात बसून बसून त्याच्या मिशा फुटायला लागल्या, तेव्हा आईनंच त्याला घरी आणलं. आज चाळिशी ओलांडलीय. डोक्यानं थोडा कमी आहे असं लोक म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत.

कामाचं म्हणाल, तर तो दिवसभरात जेवढे कपडे करतो तेवढे मी चहाच्या आधी करतो. पण त्यानं केलेला कपडा बघावा. पाण्याचा शिपका मारणार, हातानं सुरकुती काढणार, मग इस्त्री अशी फिरवणार की जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात फिरवतोय. म्हणूनच प्रभुभोजनाच्या मेजावरची चादर आमच्याकडे येते ती त्याच्यासाठी. पांढरीशुभ्र, जाड सुताची, उलट्या बाजूनं इस्त्री करावी लागते, दमट असतानाच. घाई केली की पिवळी पडते. आमचा सावकाश ती दर महिन्याला करतो आणि चर्चमध्ये नेऊन स्वतः मेजावर अंथरतो. अंथरून झाली की मागच्या बाकावर जाऊन बसतो. कारण परीक्षेत नापास.

बघा म्हणजे. ह्याच्या हातची चादर देवाच्या मेजाला चालते, हा चालत नाही.

दर वर्षी नापास. प्रश्न तेच, हेडमास्तर तेच, नापास होणारा तोच. हेडमास्तरांनी जन्मभर पोरांना पास-नापास केलं, रिटायर झाल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून देवाच्या राज्याचीच शाळा करून टाकली. त्यांचा स्वतःचा प्रवेश नक्की आहे असं त्यांच्या चालण्यावरूनच कळतं. पहिल्या बाकाची कडेची जागा त्यांची. दुसरा कोणी चुकून बसला तर ते काही बोलत नाहीत, नुसते बाजूला उभे राहून खाकरतात, बसलेला माणूस आपोआप उठतो.

हा सगळा प्रकार माझ्या डोक्यात जायचा, पण मी एकवेळ सोडून दिलं असतं. खरं दुखणं आईचं होतं.

आईची नजर गेली होती जवळजवळ. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायची. आम्ही लहान असताना तीच आम्हाला सांगायची, की देवाचं राज्य म्हणजे काही कलेक्टरचं ऑफिस नाही, बापाचं घर आहे. पोर घरात कसं येतं? चिखलाचे पाय घेऊन येतं, गुडघा फोडून येतं, माझं चुकलं म्हणून रडतं आणि आत येतं. बाप काय त्याला उंबऱ्यावर पाढे विचारतो का? असं बोलणारी बाई. पण म्हातारपण वाईट. एकदा हेडमास्तर घरी विचारपूस करायला आले आणि जाता जाता बोलून गेले, की जो इथे प्रभूच्या मेजाला बसत नाही तो तिथे तरी कसा बसणार. त्यांचं काय, ते बोलले आणि छत्री घेऊन गेले. आईच्या मनात ते जाऊन बसलं.

मग रोजचं सुरू झालं. मी गेल्यावर हा तिकडे मला सापडेल ना रे? मी वर आणि हा दाराबाहेर, असं नाही ना होणार? मी म्हणायचो, आई, त्या माणसाच्या हातात शाळेची घंटा होती, स्वर्गाची किल्ली नाही. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची. सावकाश कोपऱ्यात बसून ऐकायचा. एकदा तिला म्हणाला, "आई, मी हाक मारीन ना बाहेरून. तू ओळखशील माझा आवाज." तेव्हापासून आईनं त्याच्यासमोर विचारणं बंद केलं. माझ्याजवळ विचारायची.

म्हणून यंदा मी हट्टाला पेटलो. म्हटलं, पास करूनच दाखवतो. मी मनावर घेतलं की होत नाही असं काही नाही, आजवरचा अनुभव आहे. प्रश्न होता, देवाच्या राज्यात कोणाचा प्रवेश होतो. उत्तर असं: जो आपल्या पापांचा पश्चात्ताप करतो, प्रभूवर विश्वास ठेवतो आणि लहान बालकासारखा नम्र होतो त्याचा. एवढंच वाक्य. इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून मी ते म्हणायचो, तो मागून म्हणायचा. पश्चात्तापापर्यंत गाडी बरोबर यायची, विश्वासापाशी अडखळायची, बालकापर्यंत कधी पोचायचीच नाही. मी ओरडायचो. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. कपडे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं म्हणायची, दुकान आहे का रविवारची शाळा.

याच दिवसांत हेडमास्तरांचा शर्ट गेला.

त्यांच्याकडे एक भांडीवाली मावशी कामाला होती. पोरंबाळं नाहीत, नवरा कधीच गेलेला, जीभ मात्र अशी की अख्ख्या गल्लीला पुरून उरेल. आमच्याच चर्चची. हेडमास्तरांचे कपडे तीच गाठोडं बांधून आणायची आणि झालेले घेऊन जायची. एके दिवशी तिनं गाठोडं नेलं आणि घरी उघडलं तर हेडमास्तरांचा रविवारचा पांढरा शर्ट त्यात नव्हता. माझ्या दुकानातून कपडा हरवत नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून दुकानावर संशयच आला नाही. राहिली कोण? मावशी. हेडमास्तरांनी मला येऊन विचारलंसुद्धा नाही. ज्याला आधीच सगळं माहीत असतं तो विचारायला कशाला येईल. त्यांनी तिला कामावरून काढलं, आणि पंच म्हणून बसल्यावर प्रभुभोजनातूनही काढलं. चोरी कबूल करून माफी मागेपर्यंत मेजाला बंदी.

मावशी म्हणाली, न केलेल्या चोरीची माफी मागायला मला शिकवलेलं नाही, साहेबांना शिकवलं असेल. आणि दर रविवारी चर्चला यायचीच. शेवटच्या बाकावर, आमच्या सावकाशच्या शेजारी बसायची. कुणीतरी तिला विचारलं, मेजाला बंदी आहे तर येता कशाला? तर म्हणाली, बंदी हेडमास्तरांच्या घरातल्या भांड्यांपुरती असेल, देव काही त्यांच्याकडे घासायला ठेवलेला नाही.

पण तिचं काम गेलं ते गेलंच. चोर म्हटल्यावर दुसरं घर कोण देणार.

त्या दिवसांत सावकाशचं जेवण कमी झालं. ताट पुढे ठेवलं की बोटानं कडा फिरवत बसायचा. रविवारी मावशीच्या शेजारी बसला की मान वर करायचा नाही. मला वाटलं, परीक्षेची धास्ती घेतलीय. आईला आवाजावरून काहीतरी कळलं असावं. ती म्हणाली, ह्याच्या पोटात काहीतरी आहे, विचार त्याला. मी म्हटलं, पोटात विश्वास अडकलाय, तो एकदा तोंडातून निघाला की सगळं ठीक होईल. मला माझ्या विनोदाचं हसू आलं. आईला आलं नाही.

परीक्षेचा दिवस शनिवार. मागच्या खोलीत जुन्या गाण्याच्या पुस्तकांचा वास, भिंतीला ओल, टेबलावर पाण्याचा जग आणि त्यावर बशी. मधल्या खुर्चीत हेडमास्तर. डावीकडे कापडवाले पंच, जे हेडमास्तर मान हलवतील तिकडे मान हलवतात, जरा उशिरानं. उजवीकडे आमचे पाळक. वयानं तरुण, माणूस भला, पण भलेपणाला जो कणा लागतो तो त्यांनी कुठेतरी ठेवून दिलेला. उमेदवार तिघं पोरं, शाळा-कॉलेजातली, आणि चौथा सावकाश, माझा कोट घालून. त्याच्याबरोबर कोणीतरी लागतं म्हणून मला दाराशी उभं राहू दिलं.

पोरांनी उत्तरं दिली. नळ सोडल्यासारखी. पश्चात्ताप, विश्वास, बालक, धाडधाड पडले. मग दुसरा प्रश्न येतो, तो सगळ्यांना विचारायचा आणि सगळ्यांनी एका शब्दात उत्तर द्यायचं. तू पापी आहेस का? होय. बसा. दुसरा. तू पापी आहेस का? होय. बसा. म्हणजे पोस्टात शिक्के मारतात तसं. इतकी वर्षं हा प्रश्न विचारला जातोय, पण कोणी पापी माणसानं पुढे एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. बोलायचं नसतंच. ती रीत आहे.

सावकाशला पुढे बोलावलं. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, देवाच्या राज्यात कोणाचा प्रवेश होतो. माझे ओठ आपोआप हलायला लागले.

"जो पापांचा," तो म्हणाला, "जो पापांचा पश्चात्ताप करतो..." आणि थांबला. मी दारातून डोळ्यांनी विश्वास विश्वास करतोय. तो टेबलाकडे बघतोय. पुन्हा म्हणाला, "पश्चात्ताप करतो..." आणि गाडी तिथंच उभी.

कापडवाले पंच जगमधलं पाणी ओतून घ्यायला लागले. हेडमास्तरांनी कागदावर काही न बघताच मान हलवली आणि रीत म्हणून दुसरा प्रश्न विचारला, तू पापी आहेस का, आणि उत्तराची वाट न बघता कागद गोळा करायला लागले.

"होय," सावकाश म्हणाला. "तुमचा शर्ट मी जाळला."

हेडमास्तरांचे हात थांबले.

त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या गतीनं. इस्त्री करत असताना तो हेच उत्तर म्हणत होता, विश्वासाचा शब्द आठवेना, म्हणून इस्त्री तशीच शर्टाच्या पाठीवर ठेवून आठवत उभा राहिला. वास आला तेव्हा उचलली. तोवर तिथं इस्त्रीचा ठसा उमटला होता. त्याला वाटलं, हेडमास्तरांना कळलं तर ते नापास करतील, मग आईला तो सापडणार नाही. म्हणून शर्ट घरी नेऊन गादीखाली ठेवला. मग मावशीचं काम गेलं. "मावशीनं नाही घेतला," तो म्हणाला. "मी घेतला. मला सांगायचं होतं, पण मला वाटलं आधी पास होऊ दे. मग तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं."

मी तर हबकलोच. माझ्या दुकानातला कपडा, माझ्याच घरात, आणि मला पत्ता नाही.

आता तुम्ही म्हणाल, हेडमास्तर उठले असतील, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. छे. त्यांनी घसा साफ केला आणि पाळकांकडे वळून म्हणाले की याला प्रश्नच समजलेला नाही.

पण सावकाश अजून तिथंच उभा होता. हात पुढे बांधून, वाट बघत. हेडमास्तर म्हणाले, झालं, जा आता. तो जागचा हलला नाही.

"आता तुम्ही," तो म्हणाला.

"मी काय?"

"तुमचं सांगा. पाळीपाळीनं सांगायचं ना?"

एक पोरगा फस्सकन हसला आणि त्यानं खोकल्याचं सोंग केलं. सावकाशला टोमणा मारता येत नाही हो, त्याला तेवढं डोकं नाही. त्याला खरंच वाटलं की हा प्रश्न पापं विचारण्यासाठी विचारतात. आजवरच्या परीक्षांत त्याच्या पोटात काही नव्हतं म्हणून तो नुसतं होय म्हणाला होता. यंदा होतं, म्हणून बाहेर काढलं. आणि सगळ्यांनाच असणार, म्हणून आता बाकीच्यांची पाळी. इतकं सरळ आहे ते. कापडवाले पंच ग्लासात तोंड घालून बसले. पाळकांची मान खाली गेली ती गेलीच.

हेडमास्तर कडक आवाजात म्हणाले, ही जागा शर्टाबिर्टाची चर्चा करायची नाही. उमेदवाराची समज कमी आहे, पुढच्या वर्षी बघू. मी विचारलं, आणि मावशीचं? म्हणाले, ते पंच योग्य वेळी बघतील. मग मात्र मी दार सोडून आत आलो.

"साहेब," मी म्हणालो, "मी सातवी. तुम्ही हेडमास्तर. तुमचंच उत्तर, पश्चात्ताप करतो त्याचा प्रवेश होतो. ह्या पोरांनी पश्चात्ताप म्हणून दाखवला. माझ्या भावानं करून दाखवला. तुमच्या शाळेत म्हणणारा पास आणि करणारा नापास असेल. देवाच्याही तसंच आहे का, तेवढं सांगा."

ते म्हणाले, तुम्ही बाहेर जा. मी म्हणालो, बाहेर जायची आम्हाला सवय आहे. आणि भावाचा हात धरून बाहेर पडलो. उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

घरी येताना मी इतका तापलो होतो की रस्त्यात दोन वेळा चुकीच्या गल्लीत शिरलो. घरात शिरल्या शिरल्या आईनं विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं, जरा मीठमसाला लावून, कारण तो माणूसच त्या लायकीचा. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग सावकाशला म्हणाली, शर्ट आण बघू. त्यानं गादीखालून काढून तिच्या मांडीवर ठेवला. ती बोटांनी कापड चाचपत गेली, पाठीवर आली, करपलेल्या जागेच्या कडेकडेनं बोट फिरवलं. इस्त्रीच्या आकाराचं अख्खं चित्र. आणि मग ती हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, अरे, उत्तर पाठ करताना भाजलास होय, त्यांचाच शर्ट.

मग तिनं एकच विचारलं. "मावशीला सांगितलंस?"

"नाही."

"मग जगाला सांगून काय उपयोग? जिचं गेलं तिला सांग."

उद्या रविवार होता. मावशी येणारच होती. सावकाशनं आधी मेजाची चादर केली, आणि मग तो करपलेला शर्ट घेतला, धुतला, वाळवला, खळ घातली आणि इस्त्री करायला बसला. मी म्हटलं, अरे वेड्या, जळक्या शर्टाला इस्त्री करून काय करणार? म्हणाला, चुरगळलेला कसा द्यायचा. कॉलर अशी केली होती की मलाही जमली नसती. हे मी कुणाला म्हणत नाही, इथे लिहिलं तेवढं पुरे.

रविवारी त्यानं चादर मेजावर अंथरली, कोपरे ओढून सरळ केले आणि मागच्या बाकाकडे आला. मी आणि आई त्याच्या पुढच्याच ओळीत. मावशी येऊन बसली, तसा त्यानं शर्ट तिच्या मांडीवर ठेवला. घडी उलगडून करपलेली पाठ वर केली. म्हणाला, मावशी, हा मी जाळला आणि मी लपवला. तुमचं काम माझ्यामुळे गेलं.

मावशीनं शर्टाकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या डोक्यात एक टपली मारली, चांगली जोरात, आवाज येईल अशी. आणि त्याचं डोकं तसंच धरून आपल्या खांद्याला लावलं. "मेल्या," ती म्हणाली, "एवढे रविवार माझ्या शेजारी बसलास आणि गिळून राहिलास. पोट दुखलं नाही तुझं?" तो म्हणाला, दुखत होतं. म्हणाली, आता? म्हणाला, आता भूक लागलीय.

आजूबाजूचे चार बाक वळून बघायला लागले होते. पुढे गाणं संपलं होतं आणि पाळक मेजापाशी उभे होते. त्यांना ते सगळं दिसत होतं. रीत अशी, की ते भाकर हातात घेतात, पहिल्या बाकापासून नावं वाचतात आणि लोक ओळीनं पुढे येतात. कागद त्यांच्या हातात होता. तो त्यांनी मेजावर उलटा ठेवला. माणूस घाबरलेला होता, पण बोलला. म्हणाले, इतकी वर्षं आपण हे मेज म्हणजे बक्षीस समारंभ करून टाकलाय. हे मेज आपलं नाही, प्रभूचं आहे, आणि त्याच्या राज्यात कोणी गुण मिळवून गेलेलं नाही. रिकाम्या हातानं, माझं चुकलं म्हणत, लहान पोरासारखं जो येतो त्याच्यासाठी ते आहे. काल मागच्या खोलीत एक जण तसा आला आणि आम्ही त्याला परत पाठवला. मी गप्प बसलो, ते माझं पाप. मावशींवर आळ घेतला तेव्हाही गप्प बसलो, तेही माझंच.

कणा सापडला एकदाचा. कुठे ठेवला होता देव जाणे.

मग ते भाकरीचं ताट घेऊन मेजापासून निघाले आणि पहिला बाक ओलांडून, दुसरा ओलांडून, सरळ शेवटपर्यंत चालत आले. आमच्या चर्चमध्ये आजवर पाळक कधी मागे आलेले नव्हते. लोकांना कळेना उभं राहायचं की बसायचं. आईनं माझा दंड धरून विचारलं, कोण येतंय, कुठे येतंय? मी म्हटलं, आपल्याकडे येतंय. पहिली भाकर त्यांनी मावशीला दिली, दुसरी सावकाशला. सावकाशनं तोंडात घालायच्या आधी वाकून आईच्या कानात सांगितलं, "आई, मी आत आहे." आईनं त्याचा गाल चाचपला, चावतोय का बघायला. मग पदराच्या टोकानं डोळे पुसले. नजर गेली तरी पाणी यायचं थांबत नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. नेहमीचाच. पण कोणी उठलं नाही. हेडमास्तर उभे राहिले, छत्री उचलली आणि मधल्या वाटेनं, कुणाकडे न बघता, बाहेर चालते झाले. कुणी त्यांना घालवलं नाही. नाव घेऊन कुणी एक शब्द बोललं नव्हतं. दार उघडंच होतं आणि उघडंच राहिलं. स्वतःच्या पायानं गेले. पण घरी गेले नाहीत. पायरीवर जाऊन पाठ करून उभे राहिले, कुणीतरी मागे यावं, विनवावं, साहेब चुकलं आमचं म्हणावं, असे.

मी तर जाणार नव्हतोच. कापडवाले पंच मान कुठे हलवावी या विचारात पडले होते. गेला आमचा सावकाश. घास अजून तोंडात होता. मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेलो, म्हटलं, हा माणूस याला काही बोलला तर मी बघून घेईन.

"सर," तो म्हणाला, "आत या. सुरू झालंय."

हेडमास्तरांनी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, तू जा आत.

"मी आतच आहे," सावकाश म्हणाला. "तुम्ही बाहेर आहात."

हे त्यानं काळजीनं सांगितलं, जसं कुणाचं बटण तुटलंय म्हणून सांगावं तसं. हेडमास्तरांची मान लाल झाली. त्यांनी छत्री उघडली, पाऊस नसताना, आणि निघून गेले.

पुढचं थोडक्यात. परीक्षा अजून असते, पण टेबल काढून टाकलंय, पाळक उमेदवारांबरोबर खुर्च्या गोल करून बसतात. मावशीची बंदी उठली. जुन्या घरी परत बोलावणं आलं, तेव्हा तिनं निरोप पाठवला की आता साहेबांनी स्वतः घासावीत, हाताला चळ असतो तो तेवढाच कमी होईल. आता ती माझ्याकडे कपड्यांच्या घड्या घालते आणि गिऱ्हाइकांना टोमणे मारते. दुकान त्यामुळे जास्त चालतं. पण ख्याती माझी आहे, हे लक्षात ठेवा. आईनं तो प्रश्न विचारणं बंद केलं. आता तिची तक्रार एवढीच, की हा जेवायला इतका वेळ लावतो, तिकडेही सगळं निवून जाईल.

हेडमास्तर पुन्हा चर्चला यायला लागले. बसतात त्याच कडेच्या जागेवर. भाकरीचं ताट आता बाकाबाकानं फिरतं, ते समोर आलं की मान हलवून पुढे जाऊ देतात. कशाची वाट बघतात कोण जाणे. एक वाक्य बोलायचं आहे त्यांना, माझं चुकलं, दोन शब्दांचं, आणि जन्मभर पोरांकडून वाक्यं पाठ करून घेतलेल्या माणसाला तेवढं पाठ होत नाही.

कपडे मात्र आमच्याकडेच आणतात. गाठोडं आता स्वतःच्या बगलेत. दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहतात, छत्री टेकवून. सावकाश इस्त्री उभी ठेवतो, आता तो कधीच आडवी ठेवत नाही, आणि म्हणतो, सर, आत या की, बसा. ते म्हणतात, इथेच बरं आहे. मावशी आतून मोठ्यानं घड्या आपटते. मी हसत नाही, गिऱ्हाईक आहे. पण आमचा उंबरा मी स्वतः बसवलाय म्हणून सांगतो, तो बोटभरसुद्धा उंच नाही. लहान पोरंही पाय न उचलता आत येतात.